मुरांब्याची चार मिनिटं

नाफ्प्लियो,
शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९६५

चि. स्ताथिस यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे मिनासची तब्येत आहे तशीच आहे, म्हणजे डॉक्टरांच्या मते बरी आणि माझ्या मते नाही. तुझ्या पोटाचं काय? काळी कॉफी सोडली असशील अशी आशा मला मुळीच नाही, तरी विचारते.

काल संत मिनासचा सण, म्हणून आपल्या मिनासचा नामदिन झाला. या दिवशी कुणाला बोलावणं धाडायचं नसतं, ज्याच्या मनात असेल तो येतो, आणि तीच तर पंचाईत आहे. अथेन्सला असताना आमच्या जिन्यात रांग लागायची, नट, नट्या, दिवेवाले, त्यांच्या बायका. म्हणून मी बदामाच्या दोन पराती वड्या केल्या. आले कोण, तर औषधांच्या दुकानाचे मालक आणि त्यांची बायको, पाद्री पापा-सोतिरिस, आणि वरच्या मजल्यावरची विधवा, जी वास आला की येतेच. मिनास नवा टाय लावून संध्याकाळी आठपर्यंत दाराकडे तोंड करून बसला होता. शेवटी म्हणाला की बाहेर पाऊस असेल म्हणून लोक अडकले. पाऊस नव्हता, स्ताथिस. आभाळ स्वच्छ होतं.

सोमवारी मिनासचा सिनेमा लागला, मंगळवार-बुधवारी परीक्षणं आली, आणि गुरुवारी नामदिन. लोक वर्तमानपत्रं वाचतात. अपयश सांसर्गिक असल्यासारखे लांब राहतात. तुला परीक्षणं ठाऊक असतीलच, तुझेच भाईबंद. एकाने लिहिलं की थिएटरातून बाहेर पडला तेव्हा त्याचे बूट ओले झाले होते. दुसऱ्याने मोजलं की नायिका नऊ वेळा बेशुद्ध पडते आणि दहाव्यांदा समीक्षक. तिसऱ्याने नुसती कथा लिहून काढली आणि खाली टीप दिली की यात मी पदरचं काही घातलेलं नाही. मी सगळं मिनासला वाचून दाखवलं. तुला माहीत आहे, तीस वर्षं मीच वाचते आणि तो डोळे मिटून ऐकतो. दुसऱ्याला तो हसलासुद्धा. मग डोळे न उघडताच विचारलं, स्ताथिसने काय लिहिलंय?

तुझ्या बुधवारच्या स्तंभात एका पोलिश सिनेमावर वीतभर मजकूर आहे, ज्यात एक घोडा शेतात उभा राहतो. मिनासच्या “मागच्या बोटीने ये” वर एक अक्षर नाही. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या बुधवारी असेल.

हा त्याचा शेवटचा सिनेमा आहे हे त्याला, मला आणि डॉक्टरांना ठाऊक आहे. आता तुलाही झालं. मे महिन्यात चित्रण चालू असताना त्याच्या छातीत कळ आली तेव्हापासून त्याचं हृदय अर्ध्यावर चाललंय. दुसरी कळ सोसवणार नाही म्हणतात. मी जास्त काही लिहीत नाही. तू शहाणा आहेस.

गळ्याला मफलर बांधत जा. आम्हा दोघांवर लोभ आहेच, तो कोरडा पडू देऊ नकोस.

तुझी ताई,
पोलिक्सेनी


अथेन्स,
बुधवार, १७ नोव्हेंबर १९६५

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र परवा मिळालं. उत्तराला दोन दिवस लागले, कारण चार सिनेमे बघायचे होते. आठवड्याला चार, वर्षाला दोनशे. वीस वर्षांचा हिशेब तू कर, मला धीर होत नाही.

तू रागावली आहेस आणि तुझा राग मला पोरवयापासून दिसतो, पत्रातल्या पत्रातसुद्धा. म्हणून सरळ सांगतो. माझा एक नियम आहे, घरच्या माणसावर लिहायचं नाही. वीस वर्षांत मिनासने चौदा सिनेमे काढले, मी एकावरही लिहिलं नाही, आणि याबद्दल या धंद्यात मला मान आहे. आमचं जग म्हणजे एका कॉफीच्या दुकानात मावणारी माणसं. चांगलं लिहिलं तर म्हणणार मेहुण्याला सांभाळून घेतो. वाईट लिहिलं तर म्हणणार स्वतःचा ताठ कणा दाखवायला घरचा बळी दिला. गप्प बसणं हाच त्यातल्या त्यात सभ्यपणा आहे.

आणखी एक. मी तो सिनेमा पाहिलेला नाही. सोमवारी दारापर्यंत गेलो होतो. बाहेर पाटीवर नायिका झालेली रोझा बंदरावर उभी, केस वाऱ्यावर, डोळ्यांत दोन थेंब, तेही रंगाऱ्याने बटाट्याएवढे काढलेले. मी पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत फिरलो. मला दिसत होतं की सिनेमा वाईट असणार. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून खात्री करून घ्यायची ताकद माझ्यात नव्हती. ताई, मी फार थकलोय. आता वाईट सिनेमा बघून चीड येत नाही आणि चांगला बघून झोप उडत नाही.

मिनासला माझा नमस्कार सांग. ख्रिसमसला जमलं तर येतो. मफलर बांधतो. कॉफीबद्दल तू काही विचारलं नाहीस असं मी धरून चालतो.

तुझ्या मायेवरच माझं चाललं आहे, ती अशीच राहू दे.

तुझा,
स्ताथिस


नाफ्प्लियो,
मंगळवार, २३ नोव्हेंबर १९६५

चि. स्ताथिस यास,

आशीर्वाद आहेत, पण आज जरा कमी. वि. वि. तुझं पत्र मी मिनासला दाखवलं नाही. त्याला सांगितलं की स्ताथिसला सर्दी झालीय.

गेल्या बुधवारी तो स्वतः बसथांब्यावर गेला. अथेन्सची बस दुपारी येते आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे टपावरून खाली टाकतात. डॉक्टरांनी चढ चढायला बंदी केलीय, पण हे महाशय काठी घेऊन निघाले, वाटेत तीनदा बसले, आणि वर्तमानपत्र काखेत घेऊन आले. मग खुर्चीत बसून डोळे मिटले. मी पान उलटून बघितलं आणि सांगितलं की आजही नाही. तो म्हणाला की स्ताथिस विचार करत असेल, त्याला विचार करायला वेळ लागतो. मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरायला घेतला. आमच्या सिनेमात मी अशी रडले असते तर तुझ्या भाईबंदांनी मोजलं असतं.

तुझ्या नियमाबद्दल. तो सभ्यपणा नाही, स्ताथिस. तो तुझा स्वतःसाठी शिवलेला कोट आहे. या मिनासला आपल्या घरी आणला कोणी? तूच. तुम्ही दोघं उघड्या थिएटराच्या भिंतीवर बसून फुकट सिनेमे बघायचात, आणि घरी येऊन आईच्या जेवणाच्या टेबलावर भांडायचात. तेव्हा तू त्याला तोंडावर सांगायचास की तुला काही कळत नाही. तो लालबुंद व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. तो मला बघायला येत होता असं मला वाटायचं, पण खरं सांगू, अर्धा तुझ्यासाठी यायचा. वीस वर्षं तो तेच वाक्य ऐकायची वाट बघतोय, की तुला काही कळत नाही. आणि तू त्याला मान देतोयस.

गोड लिही असं मी म्हणत नाही. मला तुझं गोड लिहिलेलं नकोच. तो गेला की तू सुंदर लिहिशील, काळ्या चौकटीत, आणि लोक मला ते कापून आणून देतील. ते मी चुलीत घालीन, हे आत्ताच सांगून ठेवते. आत्ता लिही, तो ऐकू शकतो तोवर. झोडपायचं तर झोडप. पण सिनेमा बघ, आणि लिही.

त्याने मला असं काही लिहायला सांगितलेलं नाही. कळलं तर काठी माझ्यावरच चालवील.

आजच्यापुरतं एवढंच. माया कुठे जात नाही, पण तू तिची परीक्षा बघू नकोस.

ताई


अथेन्स,
रविवार, ५ डिसेंबर १९६५

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पाहिला.

शहराच्या मधल्या थिएटरांतून तो कधीच उतरलाय. निकेयाच्या कामगारवस्तीत एका थिएटरात लागलाय, तिथे आज दुपारी गेलो. कामाच्या कपड्यांतल्या बायका, भोपळ्याच्या बियांची टरफलं, पाय ठेवायला जागा नाही. माझ्या शेजारी एक धुणंवाली बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. मी वही काढली तशी तिने विचारलं की मी सरकारी माणूस आहे का. नाही म्हटल्यावर तिने सुनावलं की मग लिहितोस काय, वर बघ ना, ती बिचारी काय सोसतेय. मी वही ठेवून दिली. वीस वर्षांत मला इतक्या स्पष्टपणे माझं काम कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

तर सिनेमा. शिवणकाम करणारी लेनियो, तिचा याणिस, तो ऑस्ट्रेलियाला जातो आणि सांगतो की मागच्या बोटीने ये. ती मागून सुटणारी बोट अकरा वर्षं येत नाही. त्याचं तिकडे लग्न होतं, मग बायको मरते, मग डोळे जातात, मग तो परत येतो आणि लेनियो दुसऱ्याच नावाने त्याची सेवा करते आणि त्याला आवाजही ओळखू येत नाही. ताई, अकरा वर्षांत आवाज विसरणारा माणूस आंधळा नसतो, बहिरा असतो. रुग्णालयातल्या निरोपाला मिनासने इतकी व्हायोलिनं लावलीत की मला वाटलं रुग्ण त्यांनीच दगावणार. धुणंवाली आणि सगळं थिएटर ढसाढसा रडत होतं. मी दातओठ खात होतो.

आणि मग मधेच एक जागा आली. कुठली ते आत्ता सांगत नाही, वर्तमानपत्रातच वाच. चार मिनिटांची असेल. तेवढा वेळ थिएटरात कुणी रडलं नाही, बिया फोडल्या नाहीत, धुणंवालीचे हात मांडीवर तसेच राहिले. माझा श्वास कुठेतरी अडकला. ती जागा संपली, व्हायोलिनं परत आली आणि पुन्हा सगळे सुखाने रडायला लागले.

घरी येऊन एका बैठकीत लिहिलं. बुधवारी, आठ तारखेला येईल. संपादकांना मीच सांगितलं की तो माझा मेहुणा आहे, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. परीक्षण गोड नाही, ताई. दोन स्तंभ झोडपलंय, जसं आईच्या टेबलावर झोडपायचो तसं. पण त्या एका जागेबद्दल मनापासून लिहिलंय, आणि ते लिहिताना कित्येक वर्षांनी मला वाटलं की हे काम करण्यासारखं आहे. मिनासला सांग, त्याला काही कळत नाही. मात्र ती चार मिनिटं त्याला सगळं कळलं होतं.

तू हट्ट धरलास म्हणून गेलो. तुझे कान पकडण्याचे अधिकार अबाधित असोत.

तुझा,
स्ताथिस


नाफ्प्लियो,
शुक्रवार, १० डिसेंबर १९६५

चि. स्ताथिस यास,

अनेक आशीर्वाद, या वेळी पूर्ण. वि. वि. हे पत्र वाचून झालं की जाळ. माझ्या गळ्याची शपथ आहे.

बुधवारी मिनासला थोडा ताप होता, म्हणून बसला मी गेले. वाटेत उभी राहूनच उघडून बघितलं. तुझं नाव, मोठ्या अक्षरात सिनेमाचं नाव, मिनासचं नाव. संत्र्याच्या झाडाखाली भिंतीवर बसून वाचायला लागले. बहिऱ्या याणिसपाशी हसले, व्हायोलिनांपाशी हसले. मग चौथ्या परिच्छेदावर आले.

तू लिहिलंस की परदेशचं पत्र घेऊन पोस्टमन येतो, पाकिटावरचं अक्षर याणिसचं नाही, बाईचं आहे, हे लेनियोला दिसतं. ती पत्र टेबलावर ठेवते. पोस्टमनला बसवते, आणि परदेशचं पत्र आणणाऱ्याला द्यायचा तो चमचाभर मुरांबा आणि पाण्याचा पेला पुढे करते. तो खाईपर्यंत उभी राहते. पेला घेते, धुते, पुसते, फडताळात इतर पेल्यांच्या रांगेत ठेवते. पोस्टमन गेल्यावर पत्र फोडते. रडत नाही, संगीत नाही. आणि खाली तुझं वाक्य: “ज्या दिग्दर्शकाची आपण वीस वर्षं वाट पाहिली, तो या चार मिनिटांत आहे; उरलेले दोन तास दुसऱ्याच कुणीतरी काढले असावेत.”

स्ताथिस, ती चार मिनिटं मी काढली.

सगळ्यांच्या लेखी मी चित्रणाच्या वेळी वही घेऊन बसणारी, मागच्या वेळी पेला उजव्या हातात होता की डाव्या, गुंडी लावलेली होती की उघडी, एवढं टिपणारी. मे महिन्यात त्या दिवशी सकाळी मिनासच्या छातीत कळ आली आणि त्याला उचलून नेलं. मी पाठोपाठ निघाले तर दारातच निर्माता झाफीरिस आडवा आला. पोस्टमन झालेला नट दुसऱ्या दिवशी नाटकाच्या दौऱ्यावर जाणार, स्वयंपाकघराचा देखावा संध्याकाळी मोडणार, आज झालं नाही तर सिनेमा बंद. तेवढ्यात डॉक्टरांचा निरोप आला की संध्याकाळपर्यंत मला आत सोडणार नाहीत. मग मी काय करणार? परत आले.

कागदावर असं होतं की लेनियो पाकीट बघून किंकाळी फोडते, ताट पडतं, ती बेशुद्ध. रोझाचा घसा आधीच बसला होता. मी तिला म्हटलं, ओरडू नकोस. आधी त्या माणसाला खाऊ घाल. मला दुसरं काही सुचेना, स्ताथिस. मला आई दिसत होती.

तुला हे कुणीच सांगितलं नाही. एक्केचाळीसच्या जानेवारीत आपला धाकटा इलियास अल्बानियाच्या डोंगरात लढाईत गेला, तेव्हा तू दुसऱ्या तुकडीत होतास. नगरपालिकेचा माणूस कागद घेऊन दारात आला. त्याचं तोंड बघूनच आईला समजलं. तिने त्याला बसवलं, कडू संत्र्याचा मुरांबा दिला. त्याला गिळवेना. ती उभी राहिली, तो संपवेपर्यंत. दारी आलेला माणूस तोंड गोड न करता जायचा नाही, इतकंच तिच्या डोक्यात होतं. मग पेला धुतला, पुसला, जागेवर ठेवला, आणि एप्रनला हात पुसून मला म्हणाली की आता वाच.

मी तसंच रोझाकडून करून घेतलं. संध्याकाळी मिनासला सांगितलं की जमलं कसंबसं. ऑगस्टमध्ये फितींचं जोडकाम करताना त्याने ते पाहिलं, दोनदा पाहिलं, काही बोलला नाही, ठेवलं. पुढे आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

आता मी घरी काय केलं ते ऐक. तो खुर्चीत, अंगावर शाल, डोळे मिटलेले. मी वाचलं. झोडपलेलं सगळं वाचलं, आणि त्याच्या तोंडावर असा रंग चढला, जसा तीस वर्षांपूर्वी चढायचा. प्रत्येक वाक्याला माझा तो मेला, माझा तो नालायक, असं तुझ्या नावाने म्हणत होता आणि खुशीत होता. चौथ्या परिच्छेदाशी आले. मी खोकले. मग तो परिच्छेद गाळला, आणि त्याच्या जागी तुझ्या तोंडी घातलं की रुग्णालयातला निरोप मात्र अस्सल आहे आणि तिथे दिग्दर्शकाचा हात दिसतो. तो त्याचा जीव की प्राण प्रसंग आहे. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, असं लिहिलंय? मी म्हटलं, असंच. त्याने परत मिटले.

वर्तमानपत्र मी दडवलंय. तू कधीही, कुणालाही, तो असताना किंवा नसताना, सांगायचं नाहीस. त्याला वीस वर्षांनी तुझा शब्द मिळालाय. तो मी त्याच्याकडून काढून घेणार नाही.

आईची आठवण येते. तुझ्यावर राग नाही, उलटच आहे. सांभाळून रहा आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई


अथेन्स,
मंगळवार, १४ डिसेंबर १९६५

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र जाळलं. आधी तीन वेळा वाचलं.

काय लिहू? मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो की पडद्यावर नाव नसलं तरी दिग्दर्शकाचा हात मला ओळखता येतो. आणि सख्ख्या बहिणीचा हात ओळखता आला नाही. आईचा ओळखता आला नाही. माझा श्वास का अडकला ते आता समजतंय. मी त्या वर्षी मे महिन्यात लढाईवरून घरी आलो तेव्हा आईने मला तोच मुरांबा दिला होता, आणि मी इलियासबद्दल काही विचारलं नाही, कारण मला वाटलं ती रडेल. ती रडली असती तर बरं झालं असतं का, कुणास ठाऊक. हे चोवीस वर्षांनी तुला लिहितोय आणि लिहितानाही दमतोय.

तुझी शपथ मोडणार नाही. पण मला हे पटलेलं नाही, हेही सांगू दे. मी छापलेलं वाक्य खोटं आहे. लोक माझ्याजवळ येऊन म्हणतात की मेहुण्यातला दिग्दर्शक शेवटी सापडला म्हणायचा, आणि मी मान हलवतो. जे मनापासून लिहिलं तेच चुकीच्या माणसाच्या नावावर गेलं. आणि तू? तुला कधी वाटलं नाही का, की सुरुवातीला नावं सरकतात त्यात तुझंही असावं? मी आठवून बघितलं. तुझं नाव आहे, कपडेपटाच्या खाली, मदतनीसांत, तीन बायकांच्या मध्ये.

तू म्हणशील तसं. गप्प बसायची मला सवय आहे, हे तूच मला सुनावलं होतंस.

ख्रिसमसला नक्की येतो. तुझ्या हातचं जेवायचंय. बाकी लोभाचं काय मागायचं, तो तू न मागताच देत आलीस.

तुझा,
स्ताथिस


नाफ्प्लियो,
शनिवार, १८ डिसेंबर १९६५

प्रिय स्ताथिस,

स. न. वि. वि. माझं अक्षर बघून दचकू नकोस, अजून जिवंत आहे. पोलिक्सेनी मासळी आणायला गेलीय, अर्धा तास आहे, म्हणून उरकतो.

तुझं परीक्षण ऐकलं. झोडपलंस ते छान झोडपलंस. बहिऱ्या याणिसवर तर मी दोन दिवस हसतोय. मला काही कळत नाही हे तू अखेर छापून सांगितलंस, जीव थंडावला. तेवढंच हवं होतं मला, मेल्या, आणि त्यासाठी वीस वर्षं लावलीस.

आता दुसरं. ती वाचत होती आणि मी ऐकत होतो. तीस वर्षं कात्री घेऊन फिती जोडल्या आहेत मी, मधलं काही गेलं की माझ्या कानाला कळतं. ती खोकली आणि पुढे सुरुवात केली तेव्हा मला कळलं की इथे जोड आहे. आणि मग ती म्हणाली की स्ताथिसने रुग्णालयातल्या निरोपाचं कौतुक केलंय. रुग्णालयातल्या निरोपाचं! तू! मला तो प्रसंग जीव की प्राण आहे, पण तू त्याचं कौतुक करणं म्हणजे पाद्रीबुवांनी सैतानाची आरती म्हणणं. मी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती, गालावर लाली, आणि खोटं बोलत होती. स्ताथिस, लग्नात सुंदर दिसली नव्हती इतकी सुंदर दिसली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर शोधलं. कपाटात चादरींच्या खाली होतं. चौथा परिच्छेद वाचला. तुझं ते वाक्य वाचलं. खरं सांगतो, छातीत दुखलं, पण ते वेगळं दुखणं. मला ऑगस्टमध्येच माहीत होतं की माझ्या सिनेमात तेवढंच चांगलं आहे. मी दोनदा लावून बघितलं आणि एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर ते तिचं झालं असतं. गप्प राहिलो म्हणून माझं राहिलं. नावांच्या पाटीवर तिला तीन बायकांच्या मध्ये टाकणाराही मीच.

आणि हिने काय केलं? जे तिचं होतं ते वाचताना स्वतःच कापून टाकलं, मला दुखू नये म्हणून, आणि तिथे माझं ठिगळ लावलं. इतक्या सफाईने चालवलेली कात्री मी या धंद्यात पाहिली नाही. पण ज्या दिवशी तिच्या वाट्याला चांगला शब्द आला, त्याच दिवशी तिने तो गिळला, आणि समोर बसून ते गिळायला लावणारा मी होतो. हे घेऊन मला मरायचं नाही.

म्हणून काम सांगतो. येत्या बुधवारी तुझ्या स्तंभात दोन ओळी छाप: मुरांब्याचा प्रसंग श्रीमती पोलिक्सेनी यांनी दिग्दर्शित केला आहे, आणि हे स्वतः दिग्दर्शकाने कळवलं आहे. माझं पूर्ण नाव घाल. लोक हसतील तर हसू देत. मी जिवंत असताना छाप, नंतर छापलंस तर लोक म्हणतील विधवेवर दया केली. तिने तुला शपथ घातली असणार, मी तिला ओळखतो. शपथ तुझ्यावर आहे, माझ्यावर नाही. तू फक्त माझं पत्र छापतोयस.

बुधवारी बसला मी जाणार आहे. चढ आहे, पण सावकाश जाईन, वाटेत बसेन. मग तिला खुर्चीत बसवणार, डोळे मीट म्हणणार, आणि या खेपेला मी वाचणार. एक शब्दही गाळणार नाही.

तुझ्या मैत्रीचा, शिव्यांसकट, अभिलाषी,
मिनास